रामजन्माआधी रावणवध

माझ्या कॉम्प्युटरवरची सगळी गाणी फ्लॅकमध्ये आहेत. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत बोललोय, बँकेच्या रांगेत बोललोय आणि एकदा दातांच्या डॉक्टरांपुढे आ वासूनही बोललोय. समोरच्यानं ‘‘म्हणजे?’’ विचारलं की मी खुलतो. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट असतात. तुमच्या त्या १२८च्या एमपीथ्रीत त्यांचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. फ्लॅक काहीही टाकून देत नाही, तरी फाइल साधारण निम्म्यावर आणतं. यातलं ‘तुमच्या त्या’ मी जरा नाकातून म्हणतो.

बायको स्वयंपाकघरात फोन स्टीलच्या पातेल्यात उभा करते आणि हवं ते गाणं लावते. पोळ्या होईतो चार गाणी ऐकून होतात. तेवढ्यात मी आत पहिल्या गाण्याचा टॅग दुरुस्त करत असतो.

टॅगबद्दल, म्हणजे फाइलला चिकटवलेल्या गाण्याच्या माहितीबद्दल, बोलू द्या, फार दिवसांचं साठलंय. एमपीथ्रीच्या टॅगची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यात संगीताचे ऐंशी प्रकार होते. पोल्का होता, ख्रिश्चन रॅप होता. नाट्यसंगीत नव्हतं, भावगीत नव्हतं, लावणी तर नव्हतीच. गाण्याच्या नावाला जागा तीस बाइट. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून दहा चिन्हांत आटपा! आता जागा ऐसपैस झाली, पण अक्कल तेवढीच. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं गीतरामायण, छप्पन्न गाणी, मी हौसेनं चढवलं आणि क्रमांक घालायच्या आधीच सॉफ्टवेअरनं ती अकारविल्हे लावून टाकली. रावणवधाचं गाणं ‘भ’चं, रामजन्माचं ‘र’चं. आमच्याकडे रामाचा पाळणा हलायच्या आत रावण आटोपलेला.

इथवर हसता येतं. पण त्याच गाण्यांपुढे कलाकार म्हणून एकटा गायक दिसतो तेव्हा माझं डोकं फिरतं. माझ्याकडच्या गीतरामायणात गायक आणि संगीतकार सुधीर फडकेच, म्हणून त्यांचं नाव तरी टिकतं; ते लिहिणारे गदिमा कुठे गेले? रेडिओवरची निवेदिका गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगितल्याशिवाय गाणं लावत नसे. ते आम्हाला पाढ्यांसारखं पाठ व्हायचं. आता खिशात लाखो गाणी आहेत आणि ती कुणी लिहिली ते विचारायची सोय नाही.

जुन्या कॅसेटींची गोष्ट वेगळी. रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवून, घरात सगळ्यांना दटावून भरलेल्या. त्यातली खरखर मी चोवीस बिटांत जतन केलीये, कुकरच्या शिट्टीसकट. मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, याला एमपीथ्री पुष्कळ झालं.’’ त्याचं बरोबर आहे. फक्त एमपीथ्रीचं तंत्र असं, की मोठ्या आवाजाखाली झाकलेला बारीक आवाज कानाला कळणार नाही असं धरून तिथे काटकसर करायची. एका नाट्यपदाच्या तानेखाली आई कुणाला तरी हळूच म्हणते, ‘‘दूध बघ गं.’’ मला ते ऐकू येतं. दुसऱ्या कुणाला येत नाही, मी लावून पाहिलंय. तिथे काटकसर नको.

तर तुमच्याकडेही गाणी असतील. फ्लॅक नका करू हवं तर. पातेल्यातही छान वाजतात. पण टॅगच्या पुढच्या आवृत्त्यांत संगीतकाराचा खाना आहे आणि गीतकाराचाही. तेवढे भरा. आणि कॅसेटी असतील तर टेपला बुरशी लागायच्या आत उतरवून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. डिस्क सांगून मरत नाही.