मोक्षाचा सहावा गिअर

पुण्यातल्या दुचाकीस्वारांच्या आध्यात्मिक प्रगतीची शासनाने अद्याप दखल घेतलेली नाही, ही खेदाची बाब आहे. साधकाला दीक्षा मिळते वडिलांच्या स्प्लेंडरवर. मग पल्सर. मग यामाहाची आर-१५, जिची मागची सीट इतकी उंच की संसाराचा मोह आपोआप सुटावा. प्रत्येक गाडी विकताना ‘सिंगल ओनर, शोरूम कंडिशन’ हा मंत्र म्हणायचा असतो. तो तिसरा मालकही तितक्याच श्रद्धेने म्हणतो.

अखेर फ्लॅटचा विचार पुढे ढकलून दारात कावासाकी झेडएक्स-१०आर येते. ९९८ सीसी, दोनशेच्या घरातली अश्वशक्ती, हँडलला लिंबू-मिरची. लक्ष्मी रोडवर हे सारे अश्व रिक्षामागे शिस्तीत उभे राहतात आणि शेजारचे काका आस्थेने विचारतात, “ॲव्हरेज किती देते?”

या वेगाला साजेसा रस्ता म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. तिथे दुचाकींना बंदी आहे. साधकाची वैराग्यपरीक्षा घेणारे असे दूरदर्शी धोरण विरळाच!

कंपनीस नम्र सूचना : पुढच्या मॉडेलमधून इंजिन काढून नुसता आवाज ठेवावा. गाडी स्वस्त होईल, सोसायटीला फरक कळणार नाही. मालकाचीही गैरसोय नाही. ऑफिसला ते बायकोच्या ॲक्टिव्हावरच जातात.