श्री. टिनपत्रेसाहेब यांस खुले पत्र

मुक्काम : आमच्या गोठ्यावर, तालुका लाखनी, जिल्हा भंडारा



नवतपा लागला, पारा 44 वर गेला आणि आपल्या अंगाला तेज चढले. आपल्याखाली आमची संकरित गाय जीभ बाहेर काढून धापा टाकते, तेव्हा सारे गाव सूर्याला शिव्या घालते. हा अन्याय आहे. सूर्य बिचारा 15 कोटी किलोमीटर दूर. आपण गाईच्या पाठीपासून चार फुटांवर! श्रेय ज्याचे त्याला मिळावे, म्हणून हे पत्र.

आपल्याआधी इथे कवेलू होते. दरवर्षी मृगाआधी शाकारावे लागत, माकडे फोडत, पण त्यांच्या फटींतून गरम हवा निघून जायची. आपल्याला असला गबाळेपणा चालत नाही. फट नाही, सांध नाही. शिवाय पशुवैद्यक दहा-बारा फूट उंची सांगत असता आपल्याला आठ फुटांवरच बसायची हौस. गाईशी जवळीक असावी म्हणून असेल.

तिच्या पोटात तर आधीच चूल पेटलेली असते. चारा आंबतो, त्यातून उष्णता सुटते. दूध जास्त तर खाणे जास्त, खाणे जास्त तर उष्णता जास्त. वरून आपण. मग ती शहाणी गाय खाणेच कमी करते. धापा टाकताना लाळ गळते आणि पोटातले आम्ल मारणारा लाळेतला सोडा शेणात जातो. फॅट उतरते. दर फॅटवर, त्यामुळे संकलन केंद्रावरचा माणूस आमच्याकडे असा बघतो, जणू आम्हीच दुधात तलाव ओतला. करणी आपली, बदनामी आमची.

आमच्या संकरित गाईतले होल्स्टिनचे रक्त थंड मुलखातले, हे आपल्याला कुणी सांगितले नसावे. तापमान आणि आर्द्रता मिळून शास्त्रज्ञ एक निर्देशांक काढतात. तो 72 च्या वर गेला की अशा दुभत्या गाईवर ताण सुरू होतो. 25 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असली की तो तिथे पोचलाच. भंडाऱ्यात 25 अंशाला लोक गारवा म्हणतात! आणि आपली खरी करामत पुढेच आहे. 44 अंश आणि 20 टक्के आर्द्रतेला निर्देशांक 88 च्या आसपास येतो. मृगाचा एखादा शिडकावा होऊन 35 अंश, 70 टक्के झाले की 89. माणसे सुटकेचा श्वास टाकतात, गाईचा घाम मात्र वाळत नाही. अशा कोंडल्या हवेत फवारे सोडणे म्हणजे आपल्याच पक्षात जाणे. तिथे पंखा आणि उघडी भिंतच कामी येते.

म्हशीबद्दल तर आपले विशेष आभार. कातडी काळी, घामग्रंथी गाईपेक्षा खूप कमी. तिचा इलाज या जिल्ह्यात पूर्वीपासून आहे : कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव. दुपारभर ती पाण्यात डुंबायची. आता ती आपल्याखाली दाव्याला. उन्हाळ्यात तिचा माज मुका होतो, मालकाला कळत नाही, रेतन हुकते आणि भाकड महिने वाढत जातात. त्या महिन्यांच्या ढेपेचे बिल आपल्या नावे पाठवावे म्हणतो.

असो. आजवर आपण आम्हाला चुना लावलात. येत्या रविवारी आम्ही आपल्याला लावणार आहोत, चांगला पांढराशुभ्र. त्यावर तणसाचा जाड थर, तोही ओला, कारण कोरड्या तणसाला मे महिन्यात ठिणगी पुरते. धानाच्या जिल्ह्यात तणसाला काय तोटा? पश्चिमेची बाजू रिकामी पोती टांगून झाकू, उत्तरेची भिंत कमरेपर्यंत उतरवू. वैरण पहाटे आणि रात्री. पाण्याची टाकी दिवसभर भरलेली, कारण दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरपर्यंत पाणी पिते.

एवढे करूनही आपला पारा उतरला नाही, तर भंगारवाला दर गुरुवारी गावात येतो, एवढे ध्यानात असू द्यावे.

आपला,
खाली उभा असलेला गोठामालक