साठीतलं घर आणि पिस्ता रंग

धुळ्यात पांझरा ओलांडून देवपूरला गेलं, किंवा जळगावात जुनं गाव मागे टाकून कॉलन्यांकडे वळलं, की साठीतली घरं अजून दिसतात. साठीतली म्हणजे वयानं. मालकही बहुधा त्याच वयाचे. सपाट गच्ची, खिडकीवर हातभर पुढे आलेला छज्जा, जिन्याच्या भिंतीत सिमेंटची जाळी, फाटकावर अर्ध्या सूर्याची लोखंडी नक्षी आणि आत मोझॅकची फरशी. ही घरं बांधणारे वकील, मास्तर, कापसातले दलाल, भुसावळहून निवृत्त झालेले रेल्वेचे गार्ड. तुम्ही एका शैलीत राहता आहात, असं त्यांना कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी आधी विचारलं असतं, "म्हणजे घरपट्टी वाढते का?"

आमचं देवपूरचं घर त्यातलंच. ते दुरुस्तीला काढायचं ठरलं तेव्हा पुण्यात आर्किटेक्चर शिकलेली पुतणी आली, सगळ्या खोल्यांतून फिरली आणि जिन्याच्या जाळीवर हात ठेवून म्हणाली, "काका, हे मिड-सेंच्युरी मॉडर्न आहे. काही तोडू नका." आम्ही ज्याला इतकी वर्षं जुनाट म्हणत होतो, त्याचं हे भारदस्त नाव १९८४ साली कारा ग्रीनबर्ग या अमेरिकन बाईंच्या पुस्तकानं रूढ केलं म्हणे. कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे, तिथे अशी घरं लोक जिवापाड जपतात. तेही उन्हाचंच गाव. तिथेही छज्जे, तिथेही सिमेंटच्या जाळ्या. फरक इतकाच, की तिथे घरामागे पोहण्याचा तलाव असतो आणि आमच्या मागच्या दारी नळाच्या दिवशी भरून ठेवायचा ड्रम.

आपल्याकडे ही हवा आली ती बरीचशी चंडीगढहून. १९५१ पासून ल कार्बुझिए ते शहर आखत होता. त्याचा चुलतभाऊ पिएर जानेरे, त्यानं तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या. पुढे त्यातल्या कित्येक मोडीत निघाल्या आणि आता परदेशांतल्या लिलावांत लाखांनी विकल्या जातात. पुतणीनं हे सांगितल्यापासून हिनं माळ्यावरची मामंजींची वेताची खुर्ची पुसूनपासून पुढच्या खोलीत आणून ठेवली आहे. तिच्यावर बसता येत नाही. पाहुण्यांना ते आधीच सांगावं लागतं.

वडिलांनी घर बांधलं तेव्हा निवड नावाची भानगडच नव्हती. सिमेंट सरकारी नियंत्रणात; ते अर्धवट मोकळं झालं १९८२ साली आणि पुरतं मोकळं झालं १९८९ साली. त्याआधी परमिटवर जितकी पोती मिळतील तितकं घर. म्हणून स्लॅबला आणि छज्ज्याला सिमेंट, आतल्या भिंतींना चुना आणि वर निरूचा घोटलेला हात. वाळू नदीची, लाकूड डांगचा साग, जोत्यात मुरूम. ओट्याला कडप्पा, मागच्या अंगणात शहाबादी, पुढे पाहुण्यांना दिसेल तिथे मोझॅक. यातलं काहीही आवडलं म्हणून आलेलं नाही. मिळालं म्हणून आलं, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकतो त्या गावात उपयोगी पडलं म्हणून राहिलं. त्याआधीची धाब्याची घरं याच न्यायानं उभी राहिली होती. सागाच्या सऱ्यांवर मातीचा जाड थर, उन्हाळ्यात आत गार. पावसाळ्यात मात्र घरातली सगळी पातेली कामाला लागायची.

स्थानिक साहित्य वापरा, हा पुतणीचा मंत्र ऐकून मी तिला फैजपूरची आठवण करून दिली. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथे भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींचा आग्रह असा, की सगळं नगर खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतूनच उभारायचं. आणि त्यासाठी त्यांनी थेट शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावून घेतलं. केळीच्या मुलखात बांबू-बल्ल्यांचं टिळकनगर उभं राहिलं. आजच्या पद्धतीनं ते काम निघालं असतं तर सॅम्पल बघण्यातच अधिवेशनाची तारीख उलटून गेली असती.

हे मी अनुभवानं सांगतो, कारण आम्ही टाइल्सच्या दुकानात जाऊन आलो आहोत. मोरबीचे ट्रक कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्यात येतात आणि इथे उतरले की त्या मालाची नावं इटालियन होतात. दुकानदारानं एकापुढे एक पांढऱ्या टाइल्स मांडल्या. सगळ्या पांढऱ्या, पण प्रत्येकीचं नाव वेगळं आणि भाव वेगळा. मग त्यानं लाकडाचा छाप असलेली टाइल दाखवली, सिमेंटचा छाप असलेली दाखवली आणि शेवटी, खास माणसाला दाखवावी तशा आवाजात, "साहेब, सध्या ही जोरात आहे," म्हणत एक पेटी फोडली. आत मोझॅकचा फोटो छापलेली टाइल. म्हणजे घरातल्या खऱ्या मोझॅकवर मोझॅकचा फोटो चिकटवायचा. जुनी फरशी फोडायचीही गरज नाही, म्हणाला, तिच्यावरच बसते. फक्त सगळे दरवाजे खालून तासून घ्यावे लागतील.

मिस्त्रीचं मत फरशी काढण्याचंच होतं. पण तो प्रामाणिक माणूस. "नाना, असी फरशी आते कोठेच भेटत नही," हे त्यानं मला पहार हातात घेऊन सांगितलं. कोठेच नाही हे तितकंसं खरं नव्हे. मुंबईची भारत टाइल्स १९२२ मध्ये स्वदेशीच्या ओढीनं निघाली आणि आजही त्या घराण्याच्या फरश्या मिळतात. पण देवपूरच्या मिस्त्रीच्या जगात त्या नाहीत, हे कबूल. पहार बाजूला ठेवून आम्ही पॉलिशवाल्याला बोलावलं. मोझॅकचं बरं असतं. संगमरवराच्या कपच्या, पांढरं सिमेंट आणि रंग यांचा वरचा थर पाच-सहा मिलिमीटरचा असतो. तो घासला की खाली तेच निघतं. आधी खरबरीत दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचा हात. घरभर राखाडी चिखल झाला. शेजारचे आप्पा दारातून डोकावून "फरशी बदलता का?" असं विचारून गेले, आणि नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आमच्या आर्थिक परिस्थितीविषयीची काळजी स्पष्ट उमटली. कपाट हलवल्यावर त्याच्याखाली फरशीचा मूळ हिरवा रंग निघाला. बाकीची फरशी इतकी वर्षं तपकिरी आहे, असंच आम्ही समजत होतो. तपकिरी आमचं मेण होतं आणि आमचीच धूळ.

दरवाज्यांचंही तेच. ऑइलपेंटचे थर खरवडल्यावर आतून साग निघाला, आणि सुतार म्हणाला, यावर आता सागाच्या रंगाचा सनमायका मारू.

भिंतीतल्या भेगेबाबत मात्र कोणाकडेच सॅम्पल नव्हतं. खानदेशातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. जमीन आक्रसली की पाया हलतो आणि भिंत बोलते. आमच्या पुढच्या खोलीतली भेग मे महिन्यात रुंद होते आणि ऑगस्टात मिटत येते. पुट्टी मारणाऱ्यानं एप्रिलात ती भरली, जूनमध्ये पुन्हा भरली. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं तिथे लाकडी पट्ट्यांचं पॅनेल सुचवलं, मागे दिवे सोडलेलं. भेगेमागून प्रकाश येणार हे ऐकून पुतणीनं फोन ठेवून दिला.

खरी लढाई झाली ती ओट्यावर. कडप्पा काळा, त्यावर झुरळ दिसत नाही, ही हिची जुनी तक्रार, आणि ती रास्त आहे. म्हणून पांढरा क्वार्ट्‌झ पक्का झाला होता, बयाणा द्यायचा बाकी. त्याच रविवारी बामणोदची वांगी आली. भाजलेल्या वांग्याची काळी सालं, सांडलेलं तेल, मिरचीचा ठेचा, बडगीत भरीत ठेचताना उडालेले शिंतोडे. आणि दुसऱ्या चुलीवर शेवभाजीचा रस्सा, ज्याची तर्री कापडावर पडली तर कापड फेकतात. हिनं सगळं आवरलं, ओट्यावर एक तांब्या पाणी ओतलं, फडकं फिरवलं आणि कडप्प्याकडे बराच वेळ पाहिलं. बयाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. झुरळांसाठी औषध आणलं.

गच्चीवर रंगीत पत्र्याचं शेड टाका, असा सल्ला गल्लीतल्या प्रत्येकानं दिला, कारण प्रत्येकानं टाकलं आहे. आमच्या गच्चीला विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर फुटक्या पांढऱ्या कपबशांची चिनी मोझॅक. ऊन परतवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. पुतणीनं यावर बरंच शास्त्र सांगितलं. हिनं एकच विचारलं, पत्रा टाकल्यावर बिबडे कुठे वाळवायचे? शेडवाला त्यावर उत्तर देऊ शकला नाही.

आता रंग उरला आहे. रंगारी जाडजूड शेडकार्ड घेऊन आला. त्यानं एका कोपऱ्यात पत्रीनं भिंत खरवडली तर आत आकाशी, त्याच्या आत गुलाबी, आणि तळाशी पिस्ता. त्या काळी पुष्कळ घरं पिस्ताच असायची. पुतणी व्हिडिओ कॉलवर उजळली, "काकू, हाच! अगदी त्या काळचा!"

"ते राहू दे," ही रंगाऱ्याकडे वळून म्हणाली, "यावर डाग दिसतात का, ते सांगा."

"दिसतात ना, ताई. पण पांढऱ्यावर अजून जास्त दिसतात."

पिस्त्याचे डबे उद्या येतील.