आमची पत, उणे एक

माझ्या डोक्यावर कुणाचा छदामही नाही. घोटीसारख्या गावात चारचौघांत हे म्हणता येणं ही काही लहान गोष्ट नव्हे. मोटर रिवायंडिंगचं दुकान मी रोखीवर चालवलं, भातगिरण्यांच्या जळलेल्या मोटरी भरून पोरांची शिक्षणं केली आणि गावाबाहेरची भातशेती सोसायटीची पायरी न चढता कसली. असा माणूस बँकेला आवडत असणार, अशी माझी समजूत होती.

पुतण्या गोंद्याच्या कारखान्यात लागला आणि पगाराच्या दोन-चार स्लिपा हातात पडताच त्याला रिवॉर्डवालं क्रेडिट कार्ड मिळालं. लिमिट साठ हजार. "काका, तुम्हीपण घ्या. खर्च करा, पॉइंट मिळवा. वर विमानतळावर लाउंजमध्ये फुकट जेवण." आता विमानतळावर जेवायचं तर ओझर गाठायला हवं. म्हणजे नाशिक ओलांडून जाणं आलं. मिसळीची एवढी दुकानं उपाशीपोटी ओलांडून गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तरी अर्ज केला. त्याआधी पुतण्याने मोबाईलवर माझी माहिती भरली, तर एका ॲपने 'मंजुरीची शक्यता : उत्कृष्ट' असा हिरवा शेरा दिला. हा शेरा हवामानाच्या अंदाजासारखा असतो. तो वाचून छत्री घरी ठेवायची नसते. मग बँकेतून एका मुलीचा फोन आला.

"सर, मंथली इन्कम?"

"शेतीचं विचारताय? जून ते सप्टेंबर काही नाही. नोव्हेंबरात सगळं."

"सर, सिस्टीम महिन्याचाच आकडा घेते."

"मग भागा बाराने."

तिने भागलं असावं, कारण पुढे बराच वेळ ती बोलली नाही.

अर्ज नामंजूर झाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्ड नाकारायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. तसं ते आलं : क्रेडिट इतिहास उपलब्ध नाही. एका बाजूला कसारा घाट, दुसऱ्या बाजूला कळसूबाई, मधल्या सगळ्या दगडधोंड्यांना इतिहास, आणि मला तेवढा नाही!

पुतण्याने समजावलं. सिबिलचा स्कोअर तीनशे ते नऊशे असतो. हप्ते थकवत गेला की माणूस तीनशेकडे घसरतो. पण ज्याने कधी कर्जच काढलं नाही, त्याच्या रकान्यात अनेक वर्षं 'उणे एक' छापून यायचं. बुडव्याला निदान तीनशे, आणि मी शून्याच्याही खाली. शाळेत गणिताच्या मास्तरांनीदेखील माझ्यावर ही वेळ आणली नव्हती. निव्वळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला परत पाठवू नका, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावल्याचं २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं. ते बहुधा कसाऱ्याच्या अलीकडे पोहोचायचं असावं.

लिमिट म्हणजे काय, हे आमच्या पिढीने बँकेकडून शिकलेलं नाही. देशातलं पहिलं क्रेडिट कार्ड सेंट्रल बँकेने १९८० साली काढलं म्हणतात. त्या सुमारास आमच्या बाजारपेठेतल्या किराणा शेठकडे लाल कापडी बांधणीची वही होती आणि तिच्यात अख्ख्या पंचक्रोशीची लिमिटं होती. बँकेचं बिल महिन्याला फिरतं. शेठचं बिल आवणीला सुरू होऊन सोंगणीला संपायचं. भाताची रोपं चिखलात उभी असताना पैसे मागणारा दुकानदार घोटीत टिकला नसता.

शेठ नव्या गिऱ्हाइकाला लिमिट कसं ठरवायचा, ते मी आमच्या वडिलांचं, आबांचं, धोतर धरून पाहिलंय. कागद मागायचा नाही. आधी विचारायचा, रान कुठलं? धरणाच्या अंगाचं की माळाचं? मग, घरात किती हात आवणीला जातात? सामान न्यायला बाप्या येतो की बाई, यावर तर त्याचा फार भर. बाई आली तर तेल, मीठ, गूळ. बाप्या एकटा आला तर विड्या. बाईच्या नावावर लिहिलेलं खातं बुडत नाही, असं तो म्हणायचा. पोरीचं लग्न ठरल्याची बातमी आली की न मागता लिमिट दुप्पट. आज लिमिट वाढवायला आधी ग्राहकाची संमती लागते. तेव्हा संमती काय ती व्याह्यांची लागायची.

दुसऱ्या दुकानात उधारी मागितली की संध्याकाळपर्यंत शेठला कळायचं. बँकांना कर्जदारांची माहिती सिबिलसारख्या ब्यूरोंना पंधरवड्याला कळवायची सक्ती झाली, तीही २०२५ च्या जानेवारीत. आमचा ब्यूरो चहाच्या टपरीवर होता आणि दिवसातून तीनदा अद्ययावत व्हायचा. वर्षातून एकदा स्वतःचा अहवाल फुकट मिळणं हा म्हणे ग्राहकाचा हक्क. घोटीत प्रत्येकाला इतर प्रत्येकाचा अहवाल कायम फुकट.

आणि रिवॉर्ड? वहीत लिहून झालं की बरोबरच्या पोराच्या हातावर गुळाचा खडा. पुतण्याच्या कार्डावर शंभर रुपयांना एक पॉइंट, आणि पॉइंटची किंमत पंचवीस पैसे. तीन हजारांचा मिक्सर हवा तर बारा हजार पॉइंट, म्हणजे बारा लाखांची खरेदी. मी त्याला म्हटलं, एवढ्यात आपण मिक्सरचं दुकान टाकू.

व्याजाचं मात्र शेठच्या बाजूने बोलणार नाही. तो भाव चढा लावून वसूल करायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कार्डाचं बिल थकलं की महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाला बेचाळीस! महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर ठरवून दिलेला दर वर्षाला अठरा टक्के. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली थकलेल्या कार्डावर तीस टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या डिसेंबरमध्ये रद्द केला. मराठी सिनेमातल्या सावकाराने विनाकारण शिव्या खाल्ल्या असं आता वाटतं. बिचारा मिशा पिळत होता, पण दर निम्म्याहून कमी.

आमच्या घरात हार मानायची पद्धत नाही. पुतण्याने तोड काढली : मुदत ठेवीवरचं कार्ड. बँकेत पन्नास हजारांची एफडी ठेवायची, बँक तिच्यावर पंचेचाळीस हजारांचं लिमिट देते. इतिहास विचारत नाही. म्हणजे पैसे माझे, उधारी माझी, भरवसा बँकेचा. "अहो, पन्नास हजार रोख हातात होते की," मंडळी म्हणाल्या, "त्याचाच किराणा भरायचा!" त्यांना सांगितलं, असं केल्याने इतिहास तयार होत नाही. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिची नोंद कुठल्याच ब्यूरोत नसावी.

कार्ड आलं. रुपे असल्यामुळे मोबाईलला जोडून दुकानातल्या क्यूआर चौकोनावरही चालतं. आवणीच्या मजुरांचं सामान भरायचं होतं : साखर, चहापत्ती, तेल, सुके बोंबील. शेठच्या गादीवर आता नातू बसतो. बिल झालं छत्तीसशे. मी ऐटीत मोबाईल काढला.

"काका, क्रेडिटवालं दोन हजारांपर्यंतच मारा. वर गेलं की मला चार्ज कापतात."

"मग राहिलेले सोळाशे?"

"लिहून ठेवतो. भात आल्यावर द्या."

कार्डावर पॉइंट मिळाले वीस, म्हणजे रुपये पाच. मी गुळाच्या डब्याकडे पाहिलं. नातू म्हणाला, तो फक्त लहान मुलांना.