टॉर्च घेऊन जा

"वांगी आणताना कीड बघत नाहीस, निदान ही तरी नीट बघून आण," असं बायकोने बजावलं आणि मी फोर्टमधल्या बोरा बाजारात सेकंडहँड लेन्स बघायला गेलो.

निकॉनची ३५-७०, एफ २.८. १९८७ सालची मूळ रचना, आतबाहेर धातू आणि काच, वजन पाऊण किलोला थोडं कमी. आज एफ २.८च्या नव्या निकॉन झूमच्या किमतीत स्कूटर येते. ही नऊ हजारांत मिळत होती.

"एकदम क्लीन पीस, साहेब," दुकानदार म्हणाला. मी मागून मोबाइलचा टॉर्च लावला. आत महाबळेश्वर! मागची भिंगं धुरकटणं हा या लेन्सचा घराण्यातला आजार. बुरशी असती तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले असते. मुंबईच्या पावसाळ्यात ती फुकट येते. "ते कोटिंग आहे," असं म्हणत त्याने पाचशे कमी केले. माझी तत्त्वं पाचशेचीच निघाली.

हिचा झूम फिरवायचा नसतो, नळी मागेपुढे ढकलायची. सायकलमध्ये हवा भरतोय असं वाटतं. लेन्समध्ये मोटर नाही. कॅमेऱ्यातली मोटर स्क्रूने फोकस फिरवते, तेही मंगलाष्टकं थांबावीत एवढा आवाज करत. माझ्या डी ९० मध्ये मोटर आहे. शेजारच्या मुलाच्या डी ३२०० मध्ये नाही, तो बिचारा हाताने फोकस करत बसला.

रविवारी भिंतीवर पेपरातलं 'वधू पाहिजे'चं पान चिकटवलं. २.८ला मधले इंजिनियर स्वच्छ, कोपऱ्यातले डॉक्टर जरा पुसट, ५.६ला सगळे लग्नाला तयार. पण माझ्या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर ३५ मिमीची होते जवळजवळ ५२, म्हणजे चौकटीत कमी मावतं. परिणामी घरचा ग्रुप फोटो मी जिन्यात उभा राहून काढला. वरच्या मजल्यावरच्या काकू दोनदा "जरा सरका" म्हणाल्या.

मग आत्याचा फोटो काढला, खिडकीकडे पाठ करून बसलेली असताना. आतलं धुकं उजेडात पसरलं आणि सगळ्या सुरकुत्या गेल्या. आत्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. "इतकी वर्षं काढतोयस, आज पहिल्यांदा धड आला."

तुम्हाला घ्यायची असेल तर आधी कॅमेऱ्यात मोटर आहे का बघा, आणि टॉर्च न्या. माझ्या लेन्समधलं धुकं साफ करून घ्यायचा विचार होता, पण आत्याची परवानगी नाही.