घसारेसाहेब

अपघात झाला की माणसं ठरलेल्या क्रमाने येतात. आधी बघे. मग चूक कुणाची हे न बघताच सांगणारे. त्यानंतर पोलीस, मग पाहुणे, मग क्रेन. सगळे पांगले, रडून-भांडून झालं आणि गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात तोंड वाकडं करून उभी राहिली, की जुन्या स्कूटरवरून एक माणूस येतो. हेल्मेट आरशाला अडकवतो, कुणाला नमस्कार करत नाही, कुणाचा घेतही नाही, आणि गाडीभोवती उलटी प्रदक्षिणा घालतो. हा विम्याचा सर्व्हेअर. उलटी का, तर सुलटी मालक घालून दाखवतो आणि त्याला हवं तिथंच थांबतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात या जातीचा एक अस्सल नमुना आहे. गॅरेजची पोरं त्यांना घसारेसाहेब म्हणतात. खरं आडनाव त्यांच्या परवान्यावर असेल, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नाही. एकदा एका ट्रकमालकाने ‘मा. श्री. घसारेसाहेब यांस’ असा रीतसर अर्ज केला होता. साहेबांनी तो पोच देऊन घेतला.

वाहनाचं नुकसान पन्नास हजारांच्या घरात गेलं की परवानाधारक सर्व्हेअर नेमावाच लागतो. त्याची फी विमा कंपनी देते, म्हणून गाडीवाला त्याला कंपनीचा माणूस समजतो. आणि कंपनीला हवं तेवढं तो कापत नाही, म्हणून कंपनी त्याला गाडीवाल्याचा माणूस समजते. घसारेसाहेब दोन्हीकडून एकटे. गॅरेजचा चहा ते घेत नाहीत. समोरच्या टपरीवर जातात, स्वतःचे दहा रुपये देतात आणि पाठमोरे उभे राहून पितात.

मोटर टॅरिफ २००२ चं. पुढे २००७ मध्ये कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक मिळाली, पण टॅरिफमधला घसाऱ्याचा तक्ता पॉलिसीत तसाच राहिला आणि साहेबांना तो पाढ्यासारखा पाठ आहे. रबर, नायलॉन, प्लास्टिक, बॅटरी निम्म्यावर. फायबर ग्लास तीस टक्के वजा. काचेला घसारा नाही. बाकी लोखंड-लाकूड वयाप्रमाणे, आणि दहा वर्षं उलटली की तेही निम्म्यावर. माणसांकडे बघतानाही साहेबांच्या डोळ्यांपुढे हाच तक्ता असावा. नातू सायकलवरून पडून रडत घरी आला, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “कोपर आजचं आहे. गुडघा जुना.” पोराने रडणं निम्म्यावर आणलं म्हणतात.

यात गंमत नाही, धंद्याची गरज आहे. ट्रकवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत एरवी पापभीरू असलेला प्रत्येक जण क्लेमच्या वेळी एक जुना ओरखडा नव्या अपघातात खपवू बघतो. “आता रंग काढणारच हायसा, तर तेवढं मागचंबी घ्या की.” हे वाक्य साहेबांनी इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्याने ‘आता रंग’ म्हणताच ते वहीत ‘जुना डॅमेज’ लिहून मोकळे होतात. मिस्त्रीचं एस्टिमेट हा आणखी वेगळा खेळ. साहेब कापणार म्हणून मिस्त्री फुगवतो, मिस्त्री फुगवतो म्हणून साहेब कापतात, आणि दोघांनाही ते माहीत असल्याने आकडा शेवटी बरोबर जागी येतो. अडचण होते ती फक्त नवख्या मालकाची.

असे नवखे मालक म्हणजे आमचे मामा.

मामांकडे सॅन स्टॉर्म आहे. हे नाव आता फार जणांना ठाऊक नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला भारतातच तयार झालेली ही दोन माणसांची, कापडी टपाची, बसकी स्पोर्ट्स कार. आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, अश्वशक्ती साठ. म्हणजे वेग बेताचाच, पण रुबाब असा की मामा तिच्यातून दळण आणायला गेले तरी लोक वळून बघतात. तिची सगळी बॉडी फायबर ग्लासची. मामींच्या मते ती गाडी नव्हे, रंगवलेली पाण्याची टाकी आहे.

गळीत हंगामात मामा गगनबावड्याच्या रस्त्याने निघाले होते. कळ्याच्या अलीकडे चढावर पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टर थांबला म्हणून मामाही थांबले. मग ट्रॅक्टर दम घ्यायला हातभर मागे आला. मागे काही आहे हे ड्रायव्हरला कळायचा प्रश्नच नव्हता, कारण ट्रॉलीच्या फळीपेक्षा मामांची गाडी ठेंगणी. लोखंडी फळी सरळ बॉनेटवर चढली आणि वरून अर्धी मोळी ऊस मामांच्या मांडीवर आला. ड्रायव्हर उतरून बघतो तर काय, “आरं तिच्या, खाली गाडी हुती व्हय!”

मामांनी आधी ट्रॅक्टरवाल्याला कोर्टात खेचायचं ठरवलं. घसारेसाहेबांनी तेवढंच ऐकून घेतलं आणि म्हणाले, “न्यायाधिकरणात जा. गाडी नातू चालवतील.” मग मामा स्वतःच्या पॉलिसीवर आले. तिथं त्यांना बॉनेटपेक्षा मोठं दुःख होतं. इतकी वर्षं एकही क्लेम न करून जमवलेला पन्नास टक्क्यांचा नो क्लेम बोनस जाणार होता. दोन दिवस ते कागदावर आकडेमोड करत होते. बोनस ओन डॅमेजच्या प्रीमियमवरच मिळतो, जुन्या गाडीचा तो प्रीमियमही लहानच, त्यामुळे गमावण्यासारखं फार नव्हतं; पण पन्नास टक्के हा आकडाच असा आहे की सोडताना जीव जातो.

साहेब आले त्या दिवशी मी हजर होतो. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं. हे त्यांचं मुख्य हत्यार. पत्र्यावर जिथं ते घट्ट बसतं तिथं पत्रा खरा. जिथं ढिलं पडतं तिथं आत लांबी भरलेली, म्हणजे गाडी आधी कुठंतरी खाऊन आलेली. साहेबांनी सवयीने ते मडगार्डला लावलं आणि हात काढला. चुंबक टणकन फरशीवर पडलं. त्यांनी उचललं, दाराला लावलं. पुन्हा खाली. मिस्त्रीची पोरं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. साहेब तिसऱ्यांदा वाकले नाहीत. चुंबक बुटाने बाजूला सारलं आणि म्हणाले, “फायबर. तीस टक्के.”

मग खरं काम सुरू झालं. चॅसिस नंबरवरचा चिखल त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसला, वर पेन्सिल आडवी घासली, त्यावर सेलोटेप दाबून हळूच सोलली आणि उमटलेला काळा नंबर फॉर्मवर डकवला. टेप काढून बॉनेटवरच्या फळीच्या खुणेची उंची मापली; ट्रॅक्टर कारखान्यावर गाठून तिकडचं माप ते आधीच घेऊन आले होते. बॉनेटच्या चिरेत ज्यूसच्या नळीएवढी पाचटाची काडी अडकली होती. ती चिमट्याने काढून पाकिटात घातली. मामा भारावून गेले. खुनाच्या तपासात घेतात तशी काळजी आपल्या गाडीची कुणीतरी घेतंय असं वाटून त्यांनी धीर केला, “साहेब, सीटपण उसानंच फाटलीय.”

साहेबांनी सीटच्या फाटीत बोट घातलं. आतला स्पंज पिवळा पडून भुगा झाला होता.

“ऊस कोणत्या सालचा?”

मिस्त्रीने तोवर एस्टिमेट आणलं होतं. रीतीप्रमाणे फुगवलेलं, एक लाख अडतीस हजार. मामांच्या चेहऱ्यावर समाधान. साहेबांनी पॉलिसी उलटून बघितली. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. तशी ती एक लाख साठ हजार ठरलेली. साहेबांनी कॅल्क्युलेटरवर बोटं मारली आणि तो मामांपुढे धरला.

“याचे पंचाहत्तर टक्के एक लाख वीस. दुरुस्ती त्याच्या वर गेली की टोटल लॉस. पैसे घ्या, गाडी भंगारात.”

मामा मटकन टायरवर बसले. तिथून जे सुरू झालं ते त्या गॅरेजने आधी कधी पाहिलं नसावं. गाडीचा मालक सर्व्हेअरला कापायला सांगू लागला. “साहेब, एवढा रेडिएटर कशाला लागतोय? जुनाच डाग देऊन चालतोय की. रंगाचं एवढं? एक हात कमी मारू.” मिस्त्री डोळे वटारत होता, मामा ओळीमागून ओळ खोडायला लावत होते. साहेबांनी पेन बंद केलं. “मालक, कापायचं काम माझं आहे. आणि रेडिएटर फुटलाय, तो बदलायचा.” गाडीचा खरा रोग त्यांनीच ओळखला. मिस्त्री टिंकरकामाचा माणूस. फायबर त्याला ठोकता येईना, म्हणून त्याने अख्ख्या बॉडीचा खर्च लावला होता. “याला टिंकर नको. फायबरवाला बघा.”

फायबरवाला शिरोलीच्या बाजूला सापडला. शाळांच्या घसरगुंड्या, हॉटेलांपुढचे डायनासोर आणि एका बागेतला बारा फुटी गोरिला ही त्याची कामगिरी. त्याने बॉनेटला नखाने टिचक्या मारत आवाज ऐकला. भक्कम ठिकाणी टणक वाजतं, आतून सुटलेलं बद्द. सुटलेला भाग ग्राइंडरने उतरता घासला, काचतंतूंची चटई कापून बसवली, रेझिनमध्ये हार्डनर मोजून टाकला आणि रोलर फिरवत हवेचे बुडबुडे बाहेर काढले. हार्डनर जास्त झाला तर डब्यातच धूर निघतो, कमी झाला तर आठवडाभर चिकट. क्लीनर साइडचा कोपरा मात्र पार उडालेला. त्याचा साचा कशावरून घ्यायचा? तो म्हणाला, ड्रायव्हर साइडचा घेऊ. मग गाडीला दोन उजवी मडगार्ड होतील हे मामांनी त्याला समजावलं. शेवटी गोव्यातल्या एका सॅन स्टॉर्मवाल्याने दया केली. त्याच्या धडधाकट गाडीला मेण फासून साचा काढला. तिथं साचा सुकेपर्यंत दोन्ही मालक एकमेकांना आपापल्या गाडीचे आजार सांगत होते, विहिणी सांगतात तसे.

बिल सत्तर हजार सहाशे झालं. आता साहेब फायबरवर सरसकट तीस टक्के कापणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. साहेबांनी बिल परत पाठवलं. शेरा एकच: साहित्य व मजुरी वेगळी दाखवा. घसारा लागतो मालाला. ग्राइंडर धरून, चटई बसवून बसलेल्या माणसाच्या हाताला नाही. चौदा हजारांच्या रेझिन-चटईवर तीस टक्के गेले, मजुरीचे बावीस हजार जसेच्या तसे राहिले. रंगाच्या बिलात पाव भाग माल धरून त्याचा निम्मा कापला. रेडिएटर आणि नळ्या निम्म्यावर आल्या. सक्तीच्या वजावटीचा एक हजार गेला. हे असं मांडलं नसतं तर मामांना सहा हजार सहाशे कमी मिळाले असते, आणि मांडायला कुणी सांगितलं नव्हतं. मामांनी काजूबर्फीचा पुडा नेला. साहेबांनी दार अर्धं उघडून पुडा बघितला, “रीइन्स्पेक्शन व्हायचंय अजून,” म्हणाले आणि दार लावलं.

रीइन्स्पेक्शनला ते आले, नव्या बॉनेटवरून नख फिरवलं, फोटो काढले, फायबरवाल्याला विचारलं, “गोरिलाचं किती घेतलं होतंस?” आणि तो आकडा वहीत टिपून घेतला.

मंजूर रक्कम छप्पन्न हजार आठशे. मामांच्या हिशोबाने सत्तावन्न हजार शंभर व्हायला हवी होती. चौकशी केली तेव्हा कळलं, जुन्या रेडिएटरचं साल्व्हेज म्हणून तीनशे वजा केलेत. मामा थेट घरी गेले.

“साहेब, तीनशे कसले?”

“रेडिएटर तुमच्याकडे आहे. भंगाराचा भाव. जमा करा, तीनशे परत लावतो.”

मामांनी तो रेडिएटर धुऊनपुसून माडीवर ठेवलाय. जमा करायचा म्हटलं की त्यांच्या पोटात कालवतं, आणि तीनशे सोडायचे म्हटलं तरी कालवतं. त्यांनी कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. कंपनीने ते सर्व्हेअरच्या अभिप्रायासाठी पाठवलं. सर्व्हेअरने ‘रेडिएटर समक्ष पाहणे आवश्यक’ असा अभिप्राय दिला. आता येत्या रविवारी घसारेसाहेब माडी चढून येणार आहेत. चुंबक घेऊन. मामींनी विचारलं, चहा ठेवू का. मामा म्हणाले, ठेव, पण दहा रुपये सांग.