मेलेल्या जिवाणूंचा भाव

आंबवलेल्या कुठल्याही गोष्टीवर आमच्या आईचा पूर्ण विश्वास. त्यामुळे भाचीने सीरमची बाटली आणून त्यावरचं 'बिफिडा फर्मेंट लायसेट' वाचून दाखवलं, तेव्हा ती खूशच झाली.

"म्हणजे काय गं?"

"जिवाणू, आजी. वाढवलेले."

"जिवंत आहेत?"

"नाही. फोडलेले."

किंमत ऐकून आईने तोंडाला पदर लावला. तिचे तर जिवंत, तेही शेजारच्या काकूंकडून चमचाभर विरजणातून फुकट आलेले.

भाचीचं बरोबर होतं. लायसेट म्हणजे टाकीत वाढवून पेशी फोडलेले जिवाणू. जिवंत ठेवणं अवघडच. क्रीममध्ये पाणी, पाण्यात बुरशी नको म्हणून संरक्षक द्रव्य, आणि त्या द्रव्याला आपला-परका कळत नाही. उपयोग होतो? २०१० साली नाजूक त्वचेच्या ६६ बायकांवरच्या एका चाचणीत थोडा फरक दिसला. संशोधकांत लोरिआल या सौंदर्यप्रसाधन कंपनीचीच माणसं होती. स्वतःच्या दह्याला आंबट कोण म्हणेल?

एका जपानी ब्रँडची गोष्ट याहून रसाळ. साके गाळणाऱ्या म्हाताऱ्यांचे चेहरे सुरकुतलेले, हात मात्र कोवळे. त्यावरून १९८० साली एसके-टूचं 'पिटेरा' आलं म्हणे. (ते यीस्ट, जिवाणू नव्हे, पण एवढं कोण बघतं?) आमच्या अंबरनाथ पश्चिमेत इडलीचं पीठ हाताने ढवळणाऱ्या बायका घरोघरी आहेत. त्यांचे हात बघायला कुणी आलं नाही. अर्थात पीठ ढवळून झालं की भांडीही त्याच घासतात.

आईची पिढी बेसनात दही कालवून तोंडाला लावायची. दह्यातलं लॅक्टिक आम्ल शेले या शास्त्रज्ञाने १७८० साली आंबलेल्या दुधातून वेगळं केलं. तेच आता सीरममध्ये असतं, मोजून. इथे मात्र बाटलीला मान द्यावा लागतो. मे महिन्यात आमचं दही दुपारपर्यंत आंबटढाण होतं, तेव्हा गालावर किती आम्ल चढलं हे देवच जाणे. शिवाय अशाच सीरममधलं हायलुरॉनिक आम्ल पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. आता बहुतेक जिवाणूंकडून करवून घेतात. हे ऐकून आमची शाकाहारी आई जरा नरमली.

नकली मालाची भीती मात्र तिला आहे. शेजारच्या उल्हासनगरच्या वस्तूंवर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असे, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ती लोकलमध्ये ऐकतच मोठी झाली. बाटली, लेबल, खोकं, सगळ्याची नक्कल होते. विरजणाची नक्कल करायला बसलं, तर सकाळी पातेल्यात खरंच दही लागलेलं असतं.